अर्धशिशी आणि व्यायाम

अमरावती शहराची ओळख बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींनीं होते. एक अंबादेवीचें देऊळ आणि दुसरी श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें मैदान. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं लावलेलें तें रोपटें इतकें फोफावलें कीं, १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले तेव्हां मंडळाचें पथक तेथें जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आलें. ज्या गांवाला मल्लखांबाचा आणि जोर-बैठकांचा एवढा अभिमान, त्या गांवांत ‘डोकें उठलें म्हणून आज आलों नाहीं’ असें सांगणाऱ्या मुलाची काय संभावना होत असेल, हें सांगावयास नकोच. वस्ताद म्हणतात, “चार दिवस मेहनत चुकली म्हणून दुखतें, दोन घाम गाळ, उतरेल.” तोच मुलगा घरीं आला म्हणजे आई म्हणते, “एवढा जीव काढून धांवतोस म्हणून दुखतें. तें धांवणें आधीं सोड, बाबा.” एकाच डोक्यासाठीं दोन उलट उपचार! गंमत अशी कीं दोघांच्याही म्हणण्यांत अर्धेंअर्धें सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर चाललेला उपचार अर्धशिशीला फार मानवतो.

हा प्रश्न केवळ हौशी पहिलवानांचा नाहीं. अकोल्याच्या आणि अमरावतीच्या बाहेरील रस्त्यांवर पहांटे पांच वाजतां शेंकडों मुलें-मुली धांवतांना दिसतात. पोलीस शिपायाच्या भरतींत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धांवावें लागतें. त्यावर घरची पुढची सारी व्यवस्था अवलंबून असते. अशा वेळीं महिन्यांतून तीनचार वेळां अंधाऱ्या खोलींत पडून राहावें लागणें म्हणजे केवळ दुखणें नव्हे, नोकरी हातची जाणें आहे. कापूस वेचणाऱ्या बाईची गोष्ट याहूनही कठीण. तिला व्यायाम करावा कीं न करावा हा प्रश्नच नसतो. उन्हांत वांकून दिवसभर केलेलें काम हाच तिचा व्यायाम, आणि एक दिवस घरीं राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडाली.

तेव्हां प्रथम अर्धशिशी म्हणजे काय हें नीट ओळखलें पाहिजे, कारण प्रत्येक डोकेंदुखी ही अर्धशिशी नव्हे. दिवसभराच्या कामानें किंवा काळजीनें कपाळाभोंवतीं पट्टा आवळल्यासारखें वाटतें, तें दुखणें वेगळें. तें घेऊन माणूस बाजारहाट करूं शकतो. अर्धशिशींत दुखणें बहुधा एका बाजूला, नाडीच्या ठोक्याबरोबर ठणके मारणारें असतें. मळमळतें, पुष्कळदां ओकारी होते. दिव्याचा उजेड आणि भांड्यांचा आवाज सोसवत नाहीं. उपचार न केल्यास मोठ्या माणसांत हा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. तिची आणखी एक खूण आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची: साधें जिना चढणें, चालणें, खालीं वांकणें यांनीं दुखणें वाढतें. म्हणून रोगी निपचित पडून राहूं पाहतो. नांव ‘अर्ध’ असलें तरी पुष्कळांचें संबंध डोकें दुखतें. लहान मुलांत तर दोन्ही बाजूंचें दुखणें नेहमींचेंच. एवढ्यावरून ‘ही अर्धशिशी नाहीं’ असा निकाल देऊं नये.

कांहीं रोग्यांना दुखणें सुरू होण्यापूर्वीं डोळ्यांपुढें विलक्षण देखावा दिसतो. एक चकाकणारी नागमोडी रेघ उमटते, हळूहळू पसरत जाते आणि तिच्या पोटांतील भाग दिसेनासा होतो. पांच मिनिटांपासून तासाभरांत तें सारें विरतें आणि मग ठणका सुरू होतो. अमेरिकेंतील कार्ल लॅशले या मानसशास्त्रज्ञास स्वतःला हा अनुभव येत असे. त्यानें आपल्या डोळ्यांपुढील रेघ ठराविक वेळानें कागदावर काढून ठेविली आणि १९४१ सालीं हिशेब मांडला कीं, मेंदूच्या पृष्ठभागावरून कांहींतरी मिनिटाला सुमारें ३ मिलिमीटर वेगानें सरकत असलें पाहिजे. पुढें १९४४ सालीं ब्राझीलच्या लियाऊं या संशोधकानें सशाच्या मेंदूंत तशीच संथ लाट प्रत्यक्ष दाखविली. दुखणाऱ्या डोक्यानें पेन्सिल हातीं धरणाऱ्या त्या पहिल्या गृहस्थाच्या चिकाटीचें कौतुक करावें तेवढें थोडें.

आपल्याकडील वैद्यांनाही हा रोग फार पूर्वीं ओळखूं आला होता. चरक आणि सुश्रुत दोघांनींही त्याला ‘अर्धावभेदक’ म्हटलें आहे. पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् उठणारें दुखणें असें सुश्रुतानें त्याचें वर्णन केलें आहे, आणि आजही रोग्याच्या तोंडून जवळजवळ तेंच ऐकावयास मिळतें. सूर्य चढेल तसें चढणारें आणि कलेल तसें उतरणारें जें डोकें दुखतें त्यास त्यांनीं ‘सूर्यावर्त’ असें निराळें नांव दिलें. ग्रीक वैद्य गॅलन यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ‘हेमिक्रानिया’ म्हणजे अर्धें डोकें असा शब्द वापरला, आणि त्याचाच अपभ्रंश होत होत ‘मायग्रेन’ हा शब्द झाला. म्हणजे वऱ्हाडांतली आजी आणि विलायती डॉक्टर एकाच अर्थाचा शब्द उच्चारीत आहेत. चरकानें अर्धावभेदकाचीं जीं कारणें सांगितलीं आहेत त्यांत रुक्ष अन्न, पूर्वेचा वारा, वेग अडवून धरणें यांच्या जोडीला श्रम आणि व्यायाम हेही आहेत. तेव्हां आईचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. तिच्या पाठीशीं चरक उभा आहे.

मग वस्तादांच्या पाठीशीं कोण? तें पाहण्यापूर्वीं रोगाचें आजचें ज्ञान थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पूर्वीं समज असा होता कीं, डोक्यांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व मग फुगतात, म्हणून ठणका लागतो. आतां असें मानतात कीं मूळ दोष मेंदूच्या स्वभावांत आहे. कांहीं माणसांचा मेंदू जन्मतःच जरा हळवा असतो आणि हा हळवेपणा पुष्कळदां आईबापांकडून येतो. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची संवेदना वाहून नेणारी एक मोठी मज्जा आहे. ती चेतविली गेली म्हणजे तिच्या टोकांतून ‘सी.जी.आर.पी.’ नांवाचें द्रव्य सुटतें आणि दुखणें पेटतें. जगांत शंभर कोटींहून अधिक माणसांना हा विकार आहे. वयांत येण्यापूर्वीं मुलगे आणि मुली यांत फारसा फरक नसतो. पुढें मात्र स्त्रियांत त्याचें प्रमाण पुरुषांच्या दोन-तीन पट होतें, आणि मासिक पाळीच्या सुमारास झटके वाढतात. तेव्हां ‘ढोंग करते’, ‘कामाचा कंटाळा’ हीं विशेषणें ज्या घरांत सुनेला मिळतात तेथें अन्याय होतो आहे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे.

अशा हळव्या मेंदूला एकच एक गोष्ट बाधते असें सहसा नसतें. त्याची स्थिति उन्हाळ्यांतल्या मातीच्या घागरीसारखी उलटी समजावी. घागर पाझरून रिकामी होते, ही थेंब थेंब भरते. रात्रीचें जागरण एक पेला, चुकलेलें जेवण दुसरा, ऊन तिसरा, पाळीचे दिवस चौथा. आणि मग कोणीं दहा बैठका काढल्या कीं ती सांडते. दोष शेवटच्या पेल्याला लागतो. त्यांत आणखी एक फसवणूक आहे. झटका येण्याच्या आदल्या दिवशीं कित्येकांना जांभया येतात, मान आखडते, कांहीं विशिष्ट खाण्याची वासना होते. हीं कारणें नसून येणाऱ्या झटक्याचीं पूर्वचिन्हें असतात. मान आखडली म्हणून कोणी ती मोकळी करण्यास व्यायाम करतो, दोन तासांनीं डोकें उठतें आणि व्यायामावर आरोप येतो. झटका मात्र आधींच निघालेला होता.

आतां वस्तादांची बाजू. स्वीडनमध्यें गोथेनबर्ग येथें अर्धशिशीच्या ९१ रोग्यांचे तीन गट करून पाहण्यांत आलें. त्याचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. एका गटानें आठवड्यांतून तीन वेळां ४० मिनिटें व्यायाम केला, दुसऱ्यानें अंग सैल सोडण्याचा अभ्यास केला आणि तिसऱ्यानें झटके टाळणारें टोपिरामेट हें औषध घेतलें. तीन महिन्यांनंतर तिन्ही गटांत झटके कमी झाले आणि गटागटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. गोळीला जें साधलें तें व्यायामालाही साधलें. मात्र त्या ४० मिनिटांची वांटणी पाहावी: १५ मिनिटें अंग तापविणें, २० मिनिटें खरी मेहनत, आणि ५ मिनिटें हळूहळू थांबणें. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतही औषधाच्या जोडीला योगाभ्यास देऊन पाहिला गेला. नुसतें औषध घेणाऱ्यांपेक्षां औषध आणि योग दोन्ही करणाऱ्यांना तीन महिन्यांत अधिक गुण आला, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांतावरून दिसतें. योगानें औषध सोडविलें असा त्याचा अर्थ कोणी करूं नये. तें जोडीला होतें.

यावरून चरक आणि वस्ताद यांचें भांडण मिटण्यासारखें आहे. झटका चालू असतांना व्यायाम हा रोग वाढवितो. झटक्यांच्या मधल्या काळांत नियमितपणें आणि पायरीपायरीनें केलेला व्यायाम झटके विरळ करतो. एकाएकीं, सवय नसतांना, उपाशीपोटीं, उन्हांत केलेली मेहनत मात्र कोणत्याही दिवशीं घातक. वस्तादांनीं ‘घाम गाळ, उतरेल’ असें म्हणावयाचें तें दुखत्या डोक्याला नव्हे, बऱ्या दिवशीं. आणि आईनें धांवणें सोडावयास सांगावयाचें तें त्या दिवसापुरतें, कायमचें नव्हे.

वऱ्हाडच्या हवेंत ही मेहनत कशी करावी, याचा विचार निराळा करावा लागतो. स्वीडनची बेरीज येथें जशीच्या तशी लागू पडणार नाहीं. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांच्या वर जातो आणि मध्यरात्रीपर्यंत भिंती निवत नाहींत. झोप मोडते, अंगांतलें पाणी आटतें, आणि दुसऱ्या दिवशीं सूर्य कासराभर वर आला कीं डोळे मिटावेसे वाटतात. चैत्र-वैशाखांत मैदानावरचा व्यायाम सूर्योदयाच्या सुमारास संपला पाहिजे. तेवढ्यासाठीं रात्रीं उशीरां निजून पहांटे चारला उठणें मात्र आत्मघातकी, कारण अपुरी झोप उन्हाइतकीच बाधते. रोज ठरल्या वेळीं निजणें व ठरल्या वेळीं उठणें, आणि रविवारींही त्यांत फार बदल न करणें, हें अर्धशिशीच्या रोग्याचें पहिलें पथ्य. त्या मानानें चिखलदऱ्याला गेलेला माणूस सुखी, पण सगळें वऱ्हाड उचलून गाविलगडच्या डोंगरावर नेतां येत नाहीं.

आपल्या तालमींची रीत अशी कीं पहांटे तोंड धुवून रिकाम्या पोटीं मेहनतीस लागावयाचें. निरोगी माणसाला ती चालते. अर्धशिशीवाल्यानें मात्र अर्ध्या तासापूर्वीं कांहीं तरी पोटांत घालावें: एखादें केळें, अर्धी भाकरी, मूठभर फुटाणे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहतां प्यावें आणि घाम फार गेला असेल तर मीठ घातलेलें पातळ ताक किंवा आंबील घ्यावी. महाराष्ट्रांत एक जुना घरगुती उपाय आहे, सूर्योदयापूर्वीं दुधांत जिलबी खाणें. अनेक सुशिक्षित लोक त्यास हंसतात. जिलबींत कांहीं दिव्य गुण नसावा. परंतु ज्याचें डोकें रात्रभराच्या उपाशी पोटानें उठतें त्याच्या पोटांत ऐन वेळीं गोड अन्न आणि दूध जातें, एवढा भाग तर्काला पटण्यासारखा आहे. मधुमेह्यानें अर्थातच या वाटेला जाऊं नये.

मेहनत वाढवितांना उडी नको. तीन आठवडे बंद असलेला मुलगा पहिल्याच दिवशीं शंभर जोर काढतो आणि संध्याकाळीं डोकें धरून बसतो. त्यानें वडाळी तलावाच्या बाजूनें वीस मिनिटें भरभर चालावें, आठवड्यानें मधून मधून हलकें धांवावें, मग चढावाचा रस्ता धरावा. सूर्यनमस्कार उत्तम, पण पहिले कांहीं संथ घालावेत. बैठकींत किंवा वजन उचलतांना श्वास कोंडून जोर करण्याची पुष्कळांना खोड असते. त्यानें डोक्यांतील दाब वाढतो, म्हणून जोर लावतांना श्वास सोडीत जावें. शीर्षासन आणि मल्लखांबावरील उलट्या उड्या ज्यांना बाधतात त्यांनीं त्या वगळल्या तर वीरत्वाला कमीपणा येत नाहीं.

सणवारांतील श्रमांचा विचार कोणी करीत नाहीं. अकोल्याची कावडयात्रा घ्या. श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारीं गांधीग्रामच्या पूर्णा नदीचें पाणी खांद्यावर घेऊन तरुण मंडळी सुमारें १८ किलोमीटर चालत राजराजेश्वराच्या देवळाला येतात. रात्रीचें जागरण, उपवास, दमट हवा, खांद्यावरच्या कावडीनें आखडलेली मान आणि जोडीला ढोलांचा गजर! अर्धशिशी जागविण्याची याहून पूर्ण तयारी दुसरी कोणती असेल? ज्याला हा विकार आहे त्यानें भक्ति सोडावी असें नव्हे. आदल्या दुपारीं झोप काढावी, फराळ सोबत ठेवावा, घोट घोट पाणी पीत राहावें, ढोलाच्या अगदीं पुढें चालूं नये आणि आपलें औषध खिशांत असूं द्यावें. नवरात्रांत नऊ दिवस कडक उपास करून अनवाणी अंबादेवीला जाणाऱ्या बायांनींही फराळाच्या वेळा चुकवूं नयेत. रोजचा चहा एकदम तोडल्यानेंही डोकें दुखतें, हें उपासाच्या दिवशीं पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. शेतांत जाणाऱ्या बाईला वेळ निवडतां येत नाहीं, पण रुंद कांठाची टोपी किंवा डोक्यावरून ओला रुमाल, बांधावर झांकलेलें पाणी, आणि दोन वाजेपर्यंत न थांबतां दहालाच सोडलेली शिदोरी, एवढें मालकानें मनांत आणलें तर सहज होतें.

औषधाविषयीं दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. झटक्याची गोळी दुखणें कोंवळें असतांनाच घ्यावी. ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटांत ठरत नाहीं. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन पुरतें. पुढचीं दोन्ही उपाशीपोटीं घेऊं नयेत. त्यानें न भागल्यास सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान या जातीचीं औषधें डॉक्टर देतात, मात्र तीं हृदयरोग्यास वर्ज्य आहेत. परंतु जी गोळी आज डोकें थांबविते तीच फार वेळां घेतली तर डोकेंदुखी उत्पन्न करते. महिन्यांतून १५ किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामक गोळी, अथवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान वा मिश्र गोळी, असा क्रम तीन महिन्यांवर चालला कीं रोजचें नवें दुखणें पाठीस लागतें. कोपऱ्यावरच्या दुकानांतून रोज एक पुडी घेणारीं कितीतरी माणसें या चक्रांत सांपडलेलीं असतात.

झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्यासाठीं रोज घ्यावयाचीं औषधें निराळीं आहेत, आणि व्यायाम करणाऱ्यानें त्यांची निवड करतांना आपण धांवतों हें डॉक्टरांस आवर्जून सांगावें. प्रॉप्रॅनोलॉलनें नाडीची गति मंदावते. धांवणाऱ्याला लवकर थकवा येतो आणि नाडी मोजून मेहनत ठरविणाऱ्याचा हिशेब चुकतो. दमेकऱ्यास तें चालत नाहीं, आणि तें एकाएकीं बंदही करूं नये. टोपिरामेटनें, विशेषतः मुलांत, घाम कमी होतो. थंड देशांत ही गोष्ट किरकोळ, परंतु अकोल्याच्या वैशाखांत घाम न येणें म्हणजे अंग तापून उष्माघाताला वाट करून देणें. तें घेणाऱ्यानें पाणीही भरपूर प्यावें, नाहींतर मूतखड्याचें भय आहे. फ्लुनारिझिननें कित्येकांना सुस्ती येते व वजन वाढतें. मूल होण्याचा संभव असलेल्या स्त्रीनें टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट यांविषयीं आधीं डॉक्टरांशीं बोलावें, कारण गर्भाला त्यांपासून अपाय आहे. जिला झटक्यापूर्वीं ती नागमोडी रेघ दिसते तिनें गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वींही हें लक्षण सांगावें. कांहीं गोळ्यांनीं अशा स्त्रियांत पक्षाघाताचा धोका वाढतो.

यांपैकीं कोणतें कारण कोणाला लागू हें दुसरा सांगूं शकत नाहीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर डोकें उठलें त्या दिवशीं फुली मारावी. शेजारीं झोप, जेवण, पाळी, व्यायाम आणि गोळी यांची एकेक खूण करावी. दोन-तीन महिन्यांत पान स्वतःच बोलूं लागतें. ज्याला धांवण्याचें वावडें आहे असें वाटत होतें त्याच्या सगळ्या फुल्या रात्रपाळीनंतरच्या दिवसावर पडलेल्या आढळतात, आणि धांवण्याला उगीचच सोडचिठ्ठी दिली गेलेली असते.

मात्र कांहीं डोकेंदुखी अशी असते कीं तिला अर्धशिशी म्हणून घरीं ठेवूं नये. वीज पडावी तसें क्षणांत कळसास गेलेलें दुखणें. आयुष्यांत प्रथमच मेहनत करतांना उठलेलें दुखणें. ताप व ताठलेली मान. एका बाजूचा हातपाय लुळा पडणें, बोबडी वळणें, शुद्ध हरपणें. डोक्याला मार लागल्यानंतरचें दुखणें. पन्नाशीनंतर नव्यानें सुरू झालेलें दुखणें. गरोदरपणीं किंवा बाळंतपणानंतर नव्यानें आलेलें तीव्र दुखणें. यांपैकीं कांहींही दिसल्यास लेप आणि जिलबी बाजूस ठेवून अमरावतीचें इर्विन रुग्णालय किंवा अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय गांठावें, आणि तेंही त्याच दिवशीं.

राहिला तो तालमींतला मुलगा. त्यानें डोळे मिटून कपाळ धरलें तर वस्तादांनीं त्याला सांवलींत निजवावें, पाणी द्यावें, त्याची गोळी त्याला घेऊं द्यावी आणि कोणास बरोबर देऊन घरीं पोंचवावें. दुसऱ्या दिवशीं तो गळलेला असेल, तेव्हां नुसता येऊन बसला तरी चालेल. तिसऱ्या दिवशीं त्याच्याकडून निम्मी मेहनत घ्यावी, आणि हजेरीच्या वहींत त्या एका दिवसापुढें ‘आजारी’ असें लिहावें.